रडून पास केलेली गाणी व इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, साउंडवाल्यांची विधवा, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या चष्म्यातून बघून लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी पाय चेपता चेपता गोड बोलून काही कबूल करून घेतलेलं नाही. सूनबाई पाय चेपते, पण बोलत नाही, तेव्हा तोही संशय नको. वकीलबाईंनी एक नमुना आणून दिला होता. त्याची सुरुवात 'मरण कोणाला चुकलेलं नाही' अशी होती. मी म्हटलं, ज्याला हे अजून माहीत नाही तो हा कागद वाचायला येणारच नाही, तेवढं काढा. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हीच लिहा. कायद्याचं मी मागून बघते." मी चौथी शिकलेली आहे. अक्षर मोठं आहे, कागद जास्त लागतील, त्याला इलाज नाही.

गेल्या महिन्यात मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते आजपासून रद्द समजावं. त्यात मी स्वतःला फार शहाणी समजून वाटणी केली होती. ती कशी फसली ते पुढे येईलच.

कलम पहिलं : माझी प्रकृती

पोटात गाठ आहे. डॉक्टरांनी ते माझ्याकडे न बघता सूनबाईकडे बघून सांगितलं, तेव्हाच गाठ केवढी आहे ते मला कळलं. आता चहासुद्धा चमच्याने जातो. उताणं झोपलं की दुखतं आणि कुशीवर झोपलं की जास्त दुखतं. तरी मी खुशीत आहे, हे कलमातच लिहून ठेवते, नाहीतर उद्या लोक म्हणतील म्हातारी कुढत कुढत गेली.

खुशीचं कारण माझी नात. कागदोपत्री तिचं नाव वेगळं आहे, पण पाळण्यात असताना तिचं रडणं गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं म्हणून तिच्या काकाने तिला पिपाणी म्हटलं, आणि तेच चिकटलं. पिपाणी आता कॉलेजात जाते. माझ्याएवढी होती ती माझ्या डोक्यावरून बघायला लागली. इंग्रजी तर असं बोलते की फोनवर कोणी परका असला तर मी मुद्दाम दार उघडं ठेवते, शेजारच्यांनाही ऐकू जावं म्हणून. रोज संध्याकाळी ती माझ्या उशाशी बसते, फोनवर एखादं नवं इंग्रजी गाणं लावते आणि माझ्या डोळ्यांकडे टक लावून विचारते, "आजी, पास का नापास?" कधी कधी मी चांगलं गाणंही नापास करते, म्हणजे ती उठून न जाता दुसरं लावते.

हे पास-नापास काय ते आता सांगते, कारण माझ्या मालमत्तेचा मोठा भाग तोच आहे.

कलम दुसरं : आमचा धंदा

आमचे हे स्पीकर-मशीन भाड्याने देत असत. लग्न असो, सभा असो, कोणी गेलं तर शोकसभा असो. लग्नात भाडं जास्त मिळायचं, पण यांचा जीव शोकसभेत. म्हणायचे, "लग्नात कोणी ऐकत नाही गं. इथे माणूस ऐकतो."

सुरुवातीला हे आपल्याच भाषेतली गाणी लावत. एकदा एका म्हाताऱ्या बाईच्या शोकसभेत आईच्या मायेचं गाणं लावलं. दुसरं कडवं आलं तशी तिची मोठी मुलगी धाकटीला म्हणाली, "ऐक नीट. आईचं दुखणं कोणी काढलं ते गाण्यातसुद्धा आलंय." धाकटी म्हणाली, "गाण्यात आलंय खरं, घरात कुठे दिसलं नाही." तिथून जे पेटलं ते म्हातारीचा फोटो खाली पडेपर्यंत. आमचाही एक स्पीकर कलंडला. त्या दिवसापासून यांनी नियम केला, शोकसभेत फक्त इंग्रजी. शब्द कळले की माणसं शब्दांवरून भांडतात, नाही कळले की जो तो आपापल्या माणसासाठी रडतो. तेव्हा आमच्याकडे इंग्रजी कळणारे थोडे होते, आणि ते भिडस्त असल्यामुळे मागच्या रांगेत बसत.

पण मग प्रश्न आला, कुठलं गाणं रडवणारं आहे हे ओळखायचं कसं? यांनाही इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं. त्यावर यांनी तोडगा काढला तो म्हणजे मी. बाजारातून कॅसेट आणली की मला दुकानात बसवायचे. मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असायची. गाणं चालू असताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं तर गाणं पास, कॅसेटवर लाल खूण. घड्या एकसारख्या पडत राहिल्या तर नापास. तोंडाने मी काही बोलायचं नाही असा नियम होता, कारण बाई बोलायला लागली की खोटं बोलू शकते, असं यांचं मत. (यांच्या आईबद्दल ते खरं होतं.)

मला गाणाऱ्याच्या गळ्यावरून समजायचं. काही जण नुसते विव्हळतात. काहींचा आवाज मात्र एखाद्या ठिकाणी असा अडतो की आपण हातातला शर्ट तसाच धरून बसतो. असल्या गाण्यांवर या घराचं छप्पर घातलेलं आहे. माझी नणंद मला आयुष्यभर रडूबाई म्हणत आली. हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावं. तिला कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा वाचावं.

परवा पिपाणी म्हणाली, "आजी, तुमचं ते तुफान रडवणारं गाणं आहे ना, घोगऱ्या बाबाचं, ते कशावर आहे माहितेय? तो आपला जुना ट्रक विकतोय."

मी म्हटलं, "मग? त्याला वाईट नाही वाटणार? आम्ही पहिली मशीन विकली तेव्हा तुझे आजोबा जेवले नव्हते."

"अगं पण लोक आईबापाच्या शोकसभेत ट्रकवर रडले!"

"रडले ना? मग झालं तर."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मलाही हसू आलं, आणि पोट इतकं दुखलं की सूनबाईने येऊन मला गोळी दिली. ती गोळी वाया गेली असं मी म्हणणार नाही.

कलम तिसरं : रडवण्याची रीत

मशीन ज्याच्याकडे जाईल त्याला ही रीत माहीत असावी, म्हणून लिहिते. पहिलं गाणं बिनशब्दांचं, नुसत्या तारांचं. लोक तेव्हा खुर्च्या सरकवत असतात, त्यांच्यावर गळा फुकट घालवू नये. दुसरं बाईचं, पियानोवरचं, आवाज बेताचा. बायका इथे भिजतात. तिसरं त्या घोगऱ्याचं. ते सुरू झालं की मशीनवाल्याने खालचा जाड आवाज उतरवायचा आणि गळा हळूहळू वर आणायचा, म्हणजे तो माणूस आपल्याच शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्यासारखा वाटतो. इथे दगडसुद्धा रुमाल काढतो. शेवटचं थोडं हलकं असावं, नाहीतर लोकांना उठता येत नाही. गाणं तोडायचं कधीच नाही. आणि वायर कोपरावर गुंडाळायची नाही, आतून तुटते.

थोरला मुलगा शिडीवर चढून स्पीकर बांधायचा. धाकटा मशीनवर बसायचा. धाकट्याचा हात यांच्यापेक्षाही हलका. दाराशी चपला काढणारा माणूस पाहून तो कोणत्या गाण्याला फुटणार हे त्याला कळायचं. सूनबाई, म्हणजे थोरल्याची बायको, लग्न होऊन आली आणि महिन्याभरात सगळ्या कॅसेटी तिच्या ताब्यात गेल्या. पुढे कॅसेटी जाऊन दुसरं काही काही आलं, पण क्रम लावून देणं तिच्याकडेच राहिलं. निघताना ती धाकट्याला पिशवी द्यायची आणि म्हणायची, "भावजी, आज गिऱ्हाईक कसलं आहे?" तो म्हणायचा, "कडक आहे वहिनी, तिसऱ्याशिवाय नाही फुटायचं." अशी थट्टा आमच्या घरात चालायची. दुसऱ्याच्या घरी माणूस गेलेलं असायचं आणि आमच्या घरी हे बोलणं. पण खाटकाच्या घरी बकऱ्याचं कौतुक किती करणार?

कलम चौथं : जे झालं ते

थोरला गेला. रक्ताचा आजार झाला, कळेपर्यंत अर्धा झाला होता. पिपाणी तेव्हा शाळेत, दात पडलेले. हे आधीच गेलेले होते, ते एका अर्थी सुटले.

त्याच्या शोकसभेला दुसऱ्या कोणाची मशीन आणणं आम्हाला शक्य नव्हतं. समोरच्या रस्त्यावरचा कर्णेवाला फुकट द्यायला तयार झाला होता, पण त्याने आमची दोन लग्नं खोटं सांगून पळवलेली होती आणि त्याचे कर्णे कावळ्यासारखे ओरडतात. धाकटा म्हणाला, "दादाचं मी करणार." आणि त्याने केलं. शिडीवर स्वतः चढला, स्पीकर बांधले, मग खाली येऊन मशीनमागे बसला. आम्ही पुढच्या रांगेत. सूनबाईच्या मांडीवर पिपाणी.

पहिलं झालं. दुसरं झालं. तिसरं सुरू झालं, आणि खालचा जाड आवाज उतरला, आणि गळा हळूहळू वर यायला लागला. रीतीप्रमाणे. हॉल हुंदक्यांनी भरला. मीसुद्धा रडले. पोटचा पोर गेलेला, आणि मी रडले ती नेहमीच्याच जागी.

सूनबाई रडली नाही. तिने मान वळवून मागे पाहिलं. धाकटा डोळे कोरडे ठेवून बटणावर बोट धरून बसला होता आणि हॉलकडे बघत होता, कोण फुटतंय, कोण राहिलंय. त्याची नजर तिच्यावर आली. ती उठली, पिपाणीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि मशीनपाशी गेली.

"भावजी," ती म्हणाली, "मलाही गिऱ्हाईक समजलात?"

माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं.

तो म्हणाला, "वहिनी, मला दुसरं काही येत नाही."

तिने वायर उपटली. स्पीकरमधून असा धाडकन आवाज आला की पिपाणी किंचाळली. मग काहीच नाही. एवढी माणसं, एवढ्या खुर्च्या, आणि आमच्या धंद्यात पहिल्यांदा अर्धं तुटलेलं गाणं. धाकट्याने उठून वायर गोळा केली, नीट वेटोळं घातलं, माझ्या पाया पडला आणि गेला. दुसऱ्या गावात शीतगृहात कामाला लागला. तिथे गाणी नसतात, मशीनची घरघर असते. फोन करतो, माझी तब्येत विचारतो, पिपाणीशी बोलतो. वहिनीचं नाव घेत नाही.

आणि सूनबाई त्या दिवसापासून रडलेली नाही. लोकांना हे धैर्य वाटतं. मी रोज बघते, मला माहीत आहे ते काय आहे. कोणतं गाणं माणसाला कुठे फोडतं हे ज्या बाईने हजारदा क्रम लावून पाहिलंय, तिला फोडायला गाणं उरलेलं नाही. ती भांडी घासते, मला उठवते, बसवते, शिवणकाम करून घर चालवते, आणि रात्री भिंतीकडे तोंड करून पडते. खाली दुकानात मशीन गोधड्यांखाली झाकून ठेवलेली आहे. "भंगारात द्या," असं ती दर काही दिवसांनी म्हणते, आणि मला ऐकू आलं नाही असं मी दाखवते.

कोण चुकलं असं मला वकीलबाईंनी विचारलं. मी म्हटलं, कोणीच नाही, म्हणून तर मिटत नाही. एक चुकला असता तर दुसऱ्याने माफ तरी केलं असतं.

कलम पाचवं : मागची वाटणी का रद्द केली

गेल्या महिन्याच्या कागदात मी मशीन धाकट्याला आणि सगळी गाणी सूनबाईला लिहून दिली होती. घर अर्धं अर्धं. माझा हिशोब असा की मशीनशिवाय गाणी मुकी आणि गाण्यांशिवाय मशीन मुकी, तेव्हा दोघांना एकत्र यावंच लागेल. मला वाटलं, काय डोकं चालवलं! वकीलबाईंनी धाकट्याला फोन करून कळवलं. तो म्हणाला, "मला काही नको. वहिनींना द्या सगळं. मी त्या घरात काही घ्यायला येणार नाही." सूनबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "गाणी मला नकोत. पुसून टाकीन." झाली वाटणी.

मी फार खट्टू झाले. दोन दिवस पिपाणीची सगळी गाणी नापास केली, तीही खरोखरीची.

मग वकीलबाई सह्यांचं समजावायला आल्या. म्हणाल्या, "आजी, दोन साक्षीदार लागतील. दोघांनी तुमच्यासमोर आणि एकमेकांसमोर सही करायची. मात्र ज्याला या कागदातून काही मिळतं, त्याची साक्ष चालत नाही."

मी म्हटलं, "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे ज्याला काहीच मिळत नाही, तो चालतो?"

"चालतो."

"सून असली तरी? मुलगा असला तरी?"

त्या म्हणाल्या, "चालेल. पण आजी, जी सून तुमचं सगळं करते तिला तुम्ही रिकाम्या हाताने ठेवणार?"

हे मला लागलं. म्हणून मी आधी सूनबाईला विचारलं. ती माझी चादर बदलत होती. मी सांगितलं, सगळं पिपाणीला लिहिते आहे, ती आता सज्ञान आहे, तुला एक चमचाही नाही. ती म्हणाली, "पिपाणीचं ते माझंच की. मला कुठे वर न्यायचंय." मी म्हटलं, "मग साक्षीदार होशील?" म्हणाली, "होईन." मी म्हटलं, "दुसरा धाकटा आहे. एकमेकांसमोर सही करायची असते." तिचे हात चादरीवर थांबले. एक कोपरा अजून खोचायचा होता. मला वाटलं, आता ही खोली सोडून जाते. तिने तो कोपरा खोचला, उशी थोपटली आणि म्हणाली, "कायदाच आहे तर काय."

धाकट्याला मी स्वतः फोन केला. म्हटलं, "तुला काही मिळणार नाही, फुटकी वायरसुद्धा नाही. नुसती सही करायला ये." बराच वेळ पलीकडून ती घरघर ऐकू येत होती. मग म्हणाला, "खरंच काही नाही ना आई?" मी म्हटलं, "शपथ." म्हणाला, "मग येतो." असला माझा मुलगा. द्यायला बोलावलं तर येईना, काही नाही म्हटल्यावर आला.

कलम सहावं : वाटणी

सबब, माझ्या नावावरचं घर, म्हणजे खालचं दुकान, वरच्या दोन खोल्या आणि गच्चीकडे जाणारा जिना, हे सर्व माझी नात पिपाणी हिला देत आहे. दुकानातील मशीन, चार मोठे स्पीकर, दोन लहान, शिडी, माइक (एकात खरखर आहे), सगळ्या वायरी आणि सगळी पास झालेली गाणी हीदेखील तिलाच. नापास गाण्यांचं खोकं जिन्याखाली आहे, ते टाकून द्यावं. त्यातल्या एका बाईला मी उगीच नापास केलं होतं की काय असं अलीकडे वाटतं, पण आता कोणती ती आठवत नाही. पिपाणीने दुकान उघडावं की न उघडावं यावर माझी अट नाही. ती उघडणार म्हणते. तिची आई नको म्हणते. त्या दोघींनी ते माझ्या माघारी भांडून ठरवावं, मला आता भांडण ऐकायला जोर नाही.

माझ्या कानातलं पिपाणीला. माझा लोकरीचा कोट शेजारच्या शिंपिणीला, तिने तो आजवर इतक्यांदा मागून नेलाय की तो तिच्याच अंगाचा झालाय. नणंदेला काही नाही, कलम दोन वाचलं म्हणजे पावलं. कर्णेवाल्याला काही नाही, आणि माझ्या निरोपाला त्याचे कर्णे आणू नयेत, फुकट दिले तरी, उलटे पैसे दिले तरी. आजारपणात मला मांजर पाळू दिलं नाही याबद्दल डॉक्टरांवर माझा राग आहे, तो माझ्याबरोबरच संपेल.

सूनबाईला या कागदातून काहीही दिलेलं नाही. धाकट्या मुलाला काहीही दिलेलं नाही. हे विसरून राहिलेलं नाही, जाणूनबुजून केलेलं आहे. तरी कोणी शेजारपाजारच्याने त्यावरून त्यांना टोमणा मारू नये.

कलम सातवं : हे दोघं समोर असताना लिहिलेलं

खालचं सगळं मी आज, दोघं माझ्या खोलीत बसलेले असताना लिहिते आहे. वकीलबाई टेबलाशी आहेत.

धाकटा सकाळच्या बसने आला. दार पिपाणीने उघडलं. "काका! किती बारीक झालात!" तो म्हणाला, "आणि तू किती लांब झालीस!" एवढं बोलून दोघं दारातच उभे. त्याचे केस पांढरे झालेत. थंडीत काम करून बोटांची टोकं काळपट पडलीत. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. सूनबाई माझ्या पलीकडच्या बाजूला, खिडकीशी. मधे मी आणि माझी गाठ. पिपाणीने चहा आणला, तो गार झाला.

वकीलबाईंनी कागद वाचून पाहिले आणि म्हणाल्या, "आजी, एक राहिलं. तुमच्या निरोपाला गाणी लावायची का, कोणी लावायची, ते कुठेच नाही. नंतर वाद नको."

मी हे कलम मुद्दामच टाळलं होतं. धाकटा जमिनीकडे बघत म्हणाला, "लावीन मी. आईचं आहे. बसतो मशीनवर."

"नाही," सूनबाई म्हणाली.

त्याने मान वर केली नाही. मी मनात म्हटलं, संपलं, आता हा उठतो आणि बस पकडतो.

"मशीनवर पिपाणी बसेल," सूनबाई म्हणाली. "भावजी, तुम्ही त्या मशीनमागे गेलात की परत येत नाही. मागच्या वेळी गेलात ते अजून आला नाहीत. तुम्ही पुढे बसायचं, माणसांत. माझ्या शेजारी."

त्याने हात गुडघ्यांवर ठेवले, मग पुन्हा उचलले, आणि म्हणाला, "वहिनी, मला पुढे बसता येत नाही. हातांचं काय करायचं ते कळत नाही."

"मलाही नाही कळत," सूनबाई म्हणाली.

पिपाणी दारात उभी होती, तिने तोंडावर हात धरला. वकीलबाईंनी मला हळूच विचारलं, "हे लिहायचं का?" मी म्हटलं, लिहायचं नाही तर काय, याच्यासाठी तर एवढे कागद काळे केले.

सबब, माझ्या निरोपाच्या दिवशी मशीनवर माझी नात बसेल. गाणी तिला हवी ती, हव्या त्या क्रमाने, ट्रकचं लावलं तरी चालेल. माझा धाकटा मुलगा पहिल्या रांगेत, त्याच्या वहिनीच्या शेजारच्या खुर्चीत बसेल. आवाज कमी-जास्त झाला, खरखर आली, गाणं मधेच तुटलं, तरी त्याने उठायचं नाही. ती उठली तर त्यानेही उठावं, आणि ती जाईल तिकडे सोबत जावं. रडू आलं तर रडावं, नाही आलं तर बसून राहावं, त्याबद्दल कोणी कोणाकडे वळून बघू नये. त्या दिवशी ती खुर्ची भरली की रिकामी राहिली हे मला कळणार नाही, म्हणून आजच, दोघांच्या तोंडावर, वकीलबाईंच्या देखत लिहून ठेवत आहे.

एवढं लिहून माझं लिहायचं संपलं. हात दुखतो आहे. वर जे लिहिलं ते मी पुन्हा वाचून पाहिलं, जिथे खोडलं तिथे खोडल्याची सही केली, आणि हे सगळं माझ्या मनातलंच आहे.

सही : (पूर्ण सही, अंगठा नव्हे)
साउंडवाल्यांची विधवा, पिपाणीची आजी

वर सही करणाऱ्या बाईने ही सही आमच्या डोळ्यांदेखत केली. आम्ही तिच्यासमोर आणि एकमेकांसमोर, एकाच टेबलावर, एकाच पेनाने खाली सही करत आहोत. या कागदातून आम्हा दोघांना काहीही मिळत नाही हे आम्हाला माहीत आहे.

साक्षीदार पहिली : थोरली सून (सही)

साक्षीदार दुसरा : धाकटा मुलगा (सही)

कायद्याचं बघून दिलं : वकीलबाई (सही)

स्थळ : दुकानाच्या वरची पुढची खोली
तारीख : एकोणीस, गुरुवार, दुपारचा चहा दुसऱ्यांदा गरम केल्यानंतर